बंडीच्या चाकाचा शनी: मोकळ्या वावरात कॅसिनी मोहीम कशी मांडावी

तूर निघाली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली गेली, की वावर पुढच्या पेरणीपर्यंत मोकळेच पडून असते. अशा वावरात किंवा गावच्या शाळेच्या मैदानावर शनी, त्याची कडी आणि त्याचे बर्फाळ चंद्र खऱ्या प्रमाणात मांडता येतात, आणि २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने तिथे नेमके काय केले, हे स्वतः चालून समजून घेता येते. छापील चित्रात सगळे एकाच पानावर बसवावे लागत असल्यामुळे अंतरे हमखास खोटी पडतात. म्हणून हा खटाटोप.

साहित्य घरचेच आहे. बैलबंडीचे जुने चाक, सुतळी, मोजण्याची टेप, मैदान आखायची पांढरी फक्की, पऱ्हाटीच्या काड्या आणि थोडे धान्य एवढ्यावर भागते. काम सकाळीच उरकावे, कारण दुपारचा वारा सुटला की फक्की जागेवर राहत नाही.

प्रमाण आधी ठरवावे

१ सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोमीटर हे प्रमाण घ्यावे. पहिल्या खेपेला मी दहापट लहान प्रमाण घेतले होते. सगळा पसारा अंगणात मावला खरा, पण ज्या एन्सेलॅडस नावाच्या चंद्रासाठी हा उद्योग केला तो अर्ध्या मिलिमीटरचा झाला आणि मुले त्याला मातीत शोधत बसली. शनीचा विषुववृत्तावरचा व्यास सुमारे १,२०,५०० किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या प्रमाणात १२० सेंटीमीटर, साधारण चार फूट. बंडीची बरीच चाके या मापाच्या जवळपास असतात, तरी लोखंडी धावेच्या बाहेरून एकदा मोजून घ्यावे. चाक लहान-मोठे निघाले तर तेवढे वर्तुळ फक्कीने आखावे. चाक आडवे टाकून तुंब्याच्या भोकात खुंटी ठोकावी. आता आपण शनीकडे त्याच्या उत्तर ध्रुवावरून पाहत आहोत. याच ध्रुवाभोवती ढगांचा एक षट्‌कोन असून त्याची रुंदी सुमारे ३०,००० किलोमीटर आहे; आपल्या चाकावर तो तुंब्याभोवती वीतभर-सव्वा वीत जागा घेईल.

कडी आखताना

सुतळीचे एक टोक खुंटीला बांधून तिला केंद्रापासून ७४.५, ९२, ११७.५, १२२ आणि १३७ सेंटीमीटरवर गाठी माराव्यात आणि प्रत्येक गाठीशी काडी धरून वर्तुळ ओढावे. पहिल्या दोन वर्तुळांमध्ये सी कडे येते, तिथे फक्की विरळ टाकावी. ९२ ते ११७.५ हे बी कडे सर्वांत दाट, म्हणून तिथे हात सढळ ठेवावा. त्यापुढची साडेचार सेंटीमीटरची पट्टी जवळजवळ मोकळी सोडावी: खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी कॅसिनी यांना १६७५ मध्ये दिसलेली फट ती हीच, आणि यानाला त्यांचेच नाव दिलेले आहे. शेवटचे ए कडे. सी कड्याच्या आत डी नावाचे आणखी एक कडे आहे, पण ते इतके विरळ आहे की त्याच्यासाठी फक्की खर्चू नये.

इथे मुलांना थांबवून एक हिशोब करायला लावावा. फक्कीचा थर दोन मिलिमीटरचा धरला तर तो २०० किलोमीटरचा झाला. खरी कडी बहुतेक ठिकाणी दहा-एक मीटर जाडीची आहेत. म्हणजे आपला थर खऱ्यापेक्षा वीस हजार पट जाड पडला, आणि वहीचा कागद अंथरला असता तरी तो फार जाड ठरला असता. कडे म्हणजे बांगडीसारखी अखंड वस्तू नसून धुळीच्या कणापासून घराएवढ्या गोट्यांपर्यंतचे बर्फाचे तुकडे आहेत, हे सांगायला याहून सोपी जागा मिळत नाही.

चंद्रांचे धान्य

आता केंद्रापासून टेपने मोजत काड्या रोवाव्यात आणि प्रत्येक काडीशी चंद्र ठेवावा. १.८६ मीटरवर मायमस, ज्वारीचा दाणा. २.३८ मीटरवर एन्सेलॅडस, तुरीचा दाणा. २.९५ मीटरवर टेथिस आणि ३.७७ मीटरवर डायोनी यांना डॉलर हरभरा चालतो. ५.२७ मीटरवर ऱ्हीया, रानातले बोर. मग मोठे अंतर सोडून १२.२ मीटरवर टायटन: त्याचा व्यास ५,१५० किलोमीटर असल्याने बागेत गळून पडलेले पाच सेंटीमीटरचे कच्चे संत्रे त्याला बरोबर बसते. संत्र्यांच्या गळीचा एवढा तरी उपयोग होतो. शेवटी ३५.६ मीटरवर, बहुधा धुऱ्यालगतच, आयापेटस: आणखी एक बोर, पण त्याच्या एका अंगाला काजळ फासावे, कारण त्याची एक बाजू काळी आणि दुसरी उजळ आहे.

यान चालवावे

एका मुलाने कॅसिनी व्हावे. यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले आणि शुक्र, पृथ्वी व गुरू यांच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का घेत १ जुलै २००४ रोजी शनीपाशी पोहोचले. आखलेल्या कड्यांच्या बाहेर एफ आणि जी ही दोन विरळ कडी आहेत. त्यांच्यामधून जाताना यानाने आपला चार मीटर रुंद अँटेना ढालीसारखा पुढे धरला होता. मुलाने डोक्यावर ताट धरून चाकाच्या मध्यापासून दीड मीटरवरून जावे. त्यानंतर त्याने दर थोड्या वेळाने संत्र्यापाशी जाऊन वळण घ्यावे, कारण जवळच्या थोड्या इंधनावर मार्ग बदलणे शक्य नव्हते आणि यानाला वळवण्याचे काम टायटनच्या गुरुत्वाकर्षणाकडून करून घेतले गेले. सव्वाशेहून अधिक वेळा यान त्याच्या जवळून गेले. कॅसिनीने सोबत नेलेले हायगेन्स हे छोटे यान १४ जानेवारी २००५ रोजी याच टायटनवर उतरले. तिथे उणे १७९ अंश तापमानात मिथेनची तळी आहेत.

एन्सेलॅडसवर मात्र रेंगाळावे. दोन मुलांपैकी एकाने तुरीच्या दाण्याच्या आणि दुसऱ्याने डायोनीच्या वर्तुळावर चालावे, आणि डायोनीची एक फेरी होईपर्यंत एन्सेलॅडसच्या बरोबर दोन व्हाव्यात असा वेग ठेवावा. खरे चंद्रही असेच फिरतात: एकाला सुमारे ३३ तास लागतात, दुसऱ्याला ६६. काही फेऱ्यांनंतर दोघांच्याही लक्षात येते की आपण दर वेळी एकाच जागी शेजारी येतो. ठरावीक जागी बसणाऱ्या या ओढीमुळे एन्सेलॅडसची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही, शनीपासूनचे अंतर कमी-जास्त होत राहते, आणि शनीच्या ओढीने तो आतून सतत मळला जातो. कणीक मळावी तसे म्हटले तरी चालेल. त्या उष्णतेने बर्फाखाली पाण्याचा समुद्र टिकून आहे. दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण उसळताना कॅसिनीने २००५ मध्ये ओळखले, आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी यान त्या फवाऱ्यातून पृष्ठभागापासून अवघ्या ४९ किलोमीटर उंचीवरून गेले. आपल्या वावरात ती उंची अर्ध्या मिलिमीटरची, नखाच्या जाडीएवढी. कणांमध्ये मीठ सापडले, वाफेत हायड्रोजन सापडला. दाण्याच्या वर्तुळावर मीठ भुरभुरवावे. याच फवाऱ्याने शनीचे ई कडे भरत असते.

गावात कोणी ना कोणी साडेसातीचा विषय काढतोच. त्याला टाळू नये. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून बारा राशींपैकी एका राशीला अडीच वर्षे येतात, आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते. हिशोब आकाशातलाच आहे. कॅसिनीची तेरा वर्षे शनीच्या अर्ध्या वर्षालाही पुरली नाहीत.

शेवट आणि सायकल

इंधन संपत आल्यावर यान तसेच सोडून दिले असते, तर कधीतरी ते त्या तुरीच्या दाण्यावर आदळून पृथ्वीवरचे जंतू तिथे पोहोचण्याची भीती होती. म्हणून एप्रिल २०१७ पासून ते ढगांचा माथा आणि कडी यांच्यामधल्या सुमारे २,४०० किलोमीटरच्या फटीतून बावीस वेळा नेले गेले. मुलाने धावेच्या कडेला आपले एक बोट टेकवून ही फट पाहावी. त्याहून थोडीच अधिक जागा तिथे होती.

या प्रमाणात पृथ्वी म्हणजे पावणेतेरा सेंटीमीटरचे मोठे बेलफळ, आणि ती शनीच्या अगदी जवळ असतानाही १२ किलोमीटरवर, म्हणजे जवळच्या बाजाराच्या गावी ठेवावी लागेल. प्रकाशाचा वेग इथे सेकंदाला तीन मीटर, रमतगमत चालवलेल्या सायकलीएवढा. शेवटच्या दिवशी निरोप पोहोचायला ८३ मिनिटे लागत होती, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर. मोठ्या माणसाला सोबत देऊन एका मुलाला चिठ्ठी घेऊन सायकलवर रवाना करावे आणि त्याच क्षणी कॅसिनी झालेल्या मुलाने चाकाला हात लावून बाद व्हावे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजून २५ मिनिटांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अँटेनावर यानाचा आवाज थांबला, तेव्हा ते शनीच्या वातावरणात जळून जाऊन सव्वा तास उलटला होता. सायकलवाला पोरगा बाजारात पोहोचून फोन लावेल, तोवर इकडे चाक पुन्हा गोठ्याला टेकवून ठेवलेले असेल आणि कोंबड्यांनी ज्वारीचा मायमस टिपलेला असेल.