पीपीएफ: पाच तारखेचा हिशेब

पीपीएफचं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी या सरकारी बचत योजनेचं व्याज खात्यात जमा होतं 31 मार्चला, पण मोजलं जातं दर महिन्याला. महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. 6 तारखेला भरलेले पैसे महिनाभर बिनव्याजी पडून राहतात.

आता आकडे बघा. व्याजदर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के (सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, भरण्याआधी तपासा), वर्षाची कमाल मर्यादा दीड लाख. सगळी रक्कम 5 एप्रिलपर्यंत भरली, तर तिच्यावर त्या वर्षाचं व्याज 10,650 रुपये. दरमहा साडेबारा हजार, 5 तारखेच्या आत भरले तर 5,769. तेच हप्ते दर महिन्याच्या 10 तारखेला गेले तर 4,881. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करबचत आठवून एकरकमी भरणाऱ्यांना त्या वर्षी शून्य. हा फटका पुढे चक्रवाढीने वाढत जातो.

एप्रिलमध्ये दीड लाख हाताशी नसतील तर कर्ज काढून भरायची गरज नाही. मार्चअखेर संपणारी 12 महिन्यांची आवर्ती ठेव उघडा आणि ते पैसे 1 एप्रिलला पीपीएफमध्ये वळवा. दरमहाच भरायचं असेल आणि पगार 7 तारखेला होत असेल, तर हप्ता पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेत द्या. मधले दिवस निदान बचत खात्याचं व्याज तरी मिळेल. चेकने भरत असाल तर तो वटल्याची तारीख धरतात, दिल्याची नाही. 3 तारखेला टाकलेला चेक वेळेत वटला नाही तर घात करतो.

मुलांच्या नावे पालकाने उघडलेलं खातं वेगळं असलं, तरी दीड लाखाची मर्यादा दोन्ही मिळून. जास्तीच्या रकमेवर व्याज मिळत नाही.

वर्षाला किमान 500 रुपये भरले नाहीत तर खातं बंद पडतं. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 आणि 50 रुपये दंड भरला की मुदतीच्या आत ते पुन्हा चालू होतं.

पीपीएफची ‘15 वर्षांची’ मुदत मोजण्यातही गोंधळ होतो. मुदत खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यानंतर सुरू होते, म्हणजे प्रत्यक्षात 16 वर्षांचे हप्ते बसतात. दर वर्षी 5 एप्रिलच्या आत दीड लाख, दर 7.1 टक्केच राहिला असं धरलं, तर भरलेले 24 लाख मुदतीअखेर सुमारे 45 लाख 17 हजार होतात. जुन्या करप्रणालीत भरलेल्या रकमेवर वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही. व्याज मात्र दोन्हीकडे करमुक्त.

मुदत संपल्यावर पैसे लगेच काढलेच पाहिजेत असं नाही. नुसते ठेवले तरी व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. पण पुढेही हप्ते भरायचे असतील तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत पाच वर्षांच्या वाढीचा अर्ज द्यावा लागतो. अर्ज न देता भरत राहिलेल्या रकमेवर ना व्याज, ना वजावट. आणि वर्ष उलटलं की तो पर्याय परत मिळत नाही.