पुलाखाली राहणाऱ्यांसाठी पावसाआधीची तयारी

मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो, म्हणजे आपली खरेदी, फोनाफोनी, पैसे गोळा करणं सगळं मेमध्येच उरकायला हवं, कारण एक जोरदार सर आली की ताडपत्रीचे भाव चढतात आणि तोवर फुटपाथवरच्या माणसाची गोधडी भिजलेली असते, जी नंतर आठ-आठ दिवस वाळत नाही. ब्लँकेटं वाटायला सगळ्यांना आवडतं पण ओलं ब्लँकेट काय कामाचं? यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा, याने काय कोरडं राहणार आहे.

पहिल्यांदा जाल तेव्हा सामान नेऊच नका. संध्याकाळी लोक कामावरून आले की नुसतं जाऊन बसा आणि विचारा, माणसं किती, पोरं किती, कोणी गरोदर आहे का, टीबीच्या गोळ्या कोणाच्या चालू आहेत, आणि मागच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं. हे शेवटचं ते लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. सामान त्या खुणेच्या वर ठेवायचं.

ताडपत्री जाड घ्या, कडेला रिंगा असलेली, पातळवाली पहिल्याच वाऱ्यात फाटते. सोबत नायलॉनची दोरी, सुतळी कुजते. बांधताना मधे झोळ नको, एक बाजू उंच, दुसरी खाली, आणि विजेच्या खांबाला किंवा रस्त्याकडेच्या विजेच्या डब्याला (फीडर) दोरी अजिबात बांधायची नाही, पोरांनाही तिथे हात लावू नका म्हणून सांगून ठेवा. फ्लायओव्हरखाली वरून पाऊस लागत नाही असं आपल्याला वाटतं, पण जोडातून पाणी गळत राहतं आणि रस्त्यावरचं पाणी आत शिरतं ते वेगळंच. म्हणून विटा आणि लाकडी पॅलेट हवेतच, गोदामवाल्यांकडे जुने मागितले तर देतात.

कागदपत्रं सगळ्यात महत्त्वाची. आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले भिजले की रेशनपासून अ‍ॅडमिशनपर्यंत सगळं अडतं. झिपच्या पिशव्या द्या, एकात एक दोन, आणि फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा. एका मावशींनी सगळे कागद दुधाच्या पावडरच्या डब्यात घालून झाकणावरून सेलोटेप गुंडाळली होती आणि डबा बांबूला वर टांगला होता, याच्याहून चांगली आयडिया मला अजून दिसलेली नाही. टीबीच्या गोळ्याही अशाच ठेवायला सांगा.

पायाच्या चिखल्यांसाठी पावडर, रबरी चपला, मच्छरदाणी, ओआरएस, सॅनिटरी पॅड, बायकांसाठी पटकन वाळणारे कपडे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली होती, म्हणून साचलेल्या पाण्यातून जो चालला त्याला 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात न्या. लेप्टोच्या गोळ्या आपण वाटायच्या नाहीत, गरोदर बाया आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं. खायला चुरमुरे, फुटाणे, गूळ, कारण चूल पेटत नाही आणि नाक्यावर कामही मिळत नाही.

आता निवारा. नियम लाख वस्तीमागे 100 माणसांच्या एका निवाऱ्याचा, आणि 2011 च्या जनगणनेत मुंबईत 57 हजारांवर बेघर मोजले होते, म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी निम्मेही मावणार नाहीत. तरी आधी स्वतः जाऊन बघा, नवरा-बायको-पोरं एकत्र राहू शकतात का, बोचकं ठेवू देतात का, दार किती वाजता बंद होतं. कुटुंब तुटणार असेल तर लोक येत नाहीत, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही.

भर पावसात हटवायला कोणी आलं तर वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या. सुप्रीम कोर्टाने 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात फुटपाथवरून हटवायला परवानगी दिली खरी, पण पावसाळा संपून 31 ऑक्टोबर होईपर्यंत थांबायलाही सांगितलं होतं, हे अर्जात जरूर लिहा.

मोठ्या भरतीच्या तारखा आधीच काढून ठेवा, त्या दिवशी अलर्ट असेल तर दुपारीच एक चक्कर मारा. पालिकेचा 1916, अ‍ॅम्ब्युलन्सचा 108 आणि आपल्यातल्या दोघांचे नंबर कागदावर नको, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने मोठ्ठे लिहा.