नव्या एलईडीखाली मशरूम कोरल पांढरं पडलं : माझा अनुभव

लातूरला घरी ७५ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. नवा एलईडी लावला आणि आठ दिवसांत लाल मशरूम कोरल (छत्रीसारखं मऊ प्रवाळ) आक्रसून फिकं पडलं. पाणी बदललं, खाणं वाढवलं, पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, म्हणजे ठीकच. महिनाभर नुसता वैताग.

चूक उजेडाची होती. कोरलच्या पेशींतलं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं. प्रकाश झेपेना झाला की तेच बाहेर पडतं आणि कोरल फिकं दिसतं. (उजेड कमी पडला तर उलट तपकिरी होतं.)

आधी दिवा २० टक्क्यांवर आणला. मग कोरल तळाशी, दगडाच्या सावलीत ठेवलं. टायमर रोज ८ तास. दोन आठवडे हात लावला नाही. नंतर दर आठवड्याला ५ टक्के वाढवत ४० वर थांबलो. एप्रिलात पाणी तापलं तेव्हा टाकीवर पंखा लावला; आटलेल्या पाण्याची भर गोड्या आरओ पाण्याने, खाऱ्या नव्हे. सातव्या आठवड्यात कडेने लाली परतली.