जुनी लाँग-व्हीलबेस ई-क्लास बेळगावात घेताना

सकाळी टिळकवाडीतून उद्यमबाग, दुपारी जेवायला घरी, परत कारखाना, संध्याकाळी पुन्हा घर. एका फेरीला तीन-चार किलोमीटर. बेळगावातल्या बऱ्याच फौंड्री आणि मशीनशॉप मालकांच्या गाडीचा दिवस असाच जातो. जुनी मर्सिडीझ ई-क्लास बघायला निघण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा, कारण कोणते इंजिन घ्यायचे ते यावरच ठरते. रंग, सीटचे लेदर, डॅशबोर्डवरच्या पडद्यांची रुंदी हे सगळे त्यानंतर.

भारतात लाँग-व्हीलबेस ई-क्लास फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. साध्या ई-क्लासपेक्षा तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १४० मिलिमीटरने जास्त, म्हणजे ३०७९ मिलिमीटर. ही सगळी जादा जागा मागच्या सीटवाल्याच्या पायांना मिळते. मार्च २०२१ मध्ये तिचा फेसलिफ्ट, म्हणजे त्याच पिढीचा नवा चेहरा, आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढची पिढी. त्यामुळे आज जुन्या बाजारात 'फेसलिफ्ट' म्हणून मिळणारी गाडी २०२१ ते २०२४ या काळातली असायला हवी. 'हवी' म्हणण्याचे कारण आहे. २०१७-१८ च्या गाडीला नवे बंपर आणि दिवे बसवून ती फेसलिफ्ट म्हणून उभी केली जाते.

खरी फेसलिफ्ट कशी ओळखायची

मागून सुरुवात करा. जुन्या गाडीचा मागचा दिवा अखंड असतो आणि तो बॉडीवरच संपतो. फेसलिफ्टमध्ये दिवा आडवा आणि दोन भागांत आहे, त्यातला एक भाग डिकीच्या झाकणावर बसतो. म्हणजे नुसते दिवे बदलून भागत नाही, झाकणही बदलावे लागते. झाकणाच्या आतल्या कडेचा रंग आणि सीलंट बॉडीशी जुळतो का, बिजागरीच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा आहेत का, हे बघा. पुढचे दिवे फेसलिफ्टमध्ये चपटे आहेत आणि पुढची ग्रिल खाली रुंद होत जाते.

त्यानंतर आत बसा. आतला बदल करायला जास्त खर्च येतो, म्हणून बनावट तिथेच उघडी पडते. जुन्या गाडीत दोन सीटच्या मध्ये फिरवायची गोल खुंटी असते आणि मधला पडदा बोटाला दाद देत नाही. फेसलिफ्टमध्ये खुंटीच्या जागी सपाट टचपॅड आहे, १२.३ इंचाचे दोन पडदे आहेत, त्यांतला मधला टचस्क्रीन आहे, आणि पडदे चालवणारी मर्सिडीझची प्रणाली एमबीयूएक्स आहे. स्टिअरिंगवरची बटणेही स्पर्शावर चालणारी आहेत.

शेवटी आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष, पुढच्या काचेखालून दिसणारा चॅसी नंबर आणि दाराच्या खांबावरची पट्टी, हे तिन्ही जुळवा. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा. पुढची काच बदललेली असेल तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन केल्याचे बिल मागा. ते झालेले नसेल तर कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सुविधा चुकीचे वाचतात किंवा बंद पडतात.

इंजिन

फेसलिफ्टमध्ये तीन इंजिने आली आणि तिन्ही बीएस ६ आहेत. ई २०० मध्ये १९९१ सीसीचे पेट्रोल, १९७ अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर. ई २२० डी मध्ये १९५० सीसीचे डिझेल, १९४ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर. ई ३५० डी मध्ये तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरचे डिझेल, २८६ अश्वशक्ती, ६०० न्यूटन-मीटर. तिन्हींना नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे.

कागदावर ई २२० डी सगळ्यांत शहाणी निवड दिसते. महिन्यातून दोनदा पुणे किंवा बेंगळुरू होत असेल तर ती खरोखरच शहाणी आहे. ४०० न्यूटन-मीटरचा जोर १६०० आरपीएमलाच हाताशी येतो, त्यामुळे वंटमुरी घाटात लोडेड ट्रकच्या मागून निघताना गिअरबॉक्सला दोन-तीन गिअर खाली धावावे लागत नाही. पण वर मांडलेला टिळकवाडी-उद्यमबाग हिशेब तुमचा असेल तर हेच डिझेल तुम्हाला रडवेल. त्याचे कारण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी.

ही जाळी भरत आली की इंजिन जास्तीचे डिझेल सोडून ती तापवते. सुमारे ६०० अंश तापमानाला काजळी जळून जाते. त्यासाठी गरम इंजिनाने वीसेक मिनिटे सलग धावावे लागते. तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड गरमही होत नाही. जाळण्याचे काम सुरू होते, तुम्ही कारखान्याच्या गेटवर गाडी बंद करता, काम अर्धवट राहते, दुपारी पुन्हा तेच. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून जुन्या डिझेल गाडीत सर्व्हिस मेनूमधून ऑइलची पातळी वाचा. ती कमाल खुणेच्या वर असेल तर त्या गाडीचे आयुष्य कुठे गेले ते कळले.

जाळी साफ होण्याचे काम चालू असल्याच्या खुणाही ओळखून ठेवा. आयडलिंग थोडे वाढते, अ‍ॅव्हरेज अचानक पडते, बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा मोठ्याने फिरत राहतो. असे दिसले की गाडी बंद करू नका. हायवेला काढा, काकतीवरून हत्तरगीपर्यंत जाऊन या. डिझेल घ्यायचेच असेल तर अशी एक फेरी आठवड्यातून ठेवाच.

दुसरी अडचण अ‍ॅडब्लू. हे ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातले द्रावण आहे. ते धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडते. त्याची टाकी डिझेलच्या टाकीपेक्षा वेगळी असते. अ‍ॅडब्लू संपत आले किंवा हे ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर बिघडला की पडद्यावर 'इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही' अशी उलटी मोजणी सुरू होते. विक्रीच्या आधी हा इशारा तात्पुरता पुसता येतो, पण चालवल्यावर तो परत येतो. नोझल आणि पाइपजवळ पांढरे खडे साचलेले दिसले तर गळती आहे. कॅन सीलबंद आणि आयएसओ २२२४१ लिहिलेलाच घ्या. उन्हात तापलेल्या शेडमध्ये तो ठेवला तर द्रावण लवकर बिघडते.

ई २०० पेट्रोलला यातले काहीच नाही, आणि शहरातल्या मालकासाठी आमचे मत स्पष्टपणे तिच्याच बाजूने आहे. इंधनाच्या झाकणाच्या आत इथेनॉलची मर्यादा सांगणारा स्टिकर असतो, तो मात्र वाचा. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. स्टिकरवरचा आकडा त्याहून कमी असेल तर त्याबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

ई ३५० डी चे इंजिन या तिघांत सर्वांत गुळगुळीत. पण डीपीएफची अट तिलाही तीच आहे आणि सुटे भाग महाग आहेत. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरच्या पुढे लांबचे चालणे असेल तरच तिच्याकडे बघा.

चालवून बघणे

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सकाळी थंड हवी. बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम केलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड डिझेल सुरू होताना पहिल्या क्षणी साखळीचा खडखडाट ऐकू आला आणि तो दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर थांबा. या इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेनचे काम निघाले तर मजुरीच मोठी.

पहिली दहा मिनिटे गावातल्याच खराब रस्त्यावर, वीसच्या वेगाने, काचा खाली आणि एसी बंद. पुढच्या चाकातून बोथट 'टक-टक' आली तर सस्पेन्शनचे खालचे आर्म आणि बुश गेलेले असतात. गाडीत एअर सस्पेन्शन असेल तर ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर तिथे हवा गळते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

पुढे हायवे. काकती सोडून वंटमुरी घाट चढा. चढावर हलका अ‍ॅक्सिलरेटर ठेवून गिअर बदलताना धक्का किंवा थरथर येते का बघा. गिअरबॉक्सचे ऑइल सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचे असते आणि ते मर्सिडीझच्या एमबी २३६.१७ दर्जाचेच लागते. जुन्या सात-गिअर पेटीचे ऑइल यात भरणारे मेस्त्री आहेत. धक्के पुष्कळदा तिथूनच सुरू होतात. बिलावर दर्जाचा आकडा नसेल तर ते काम झालेले नाही असे धरून पैसे बाजूला ठेवा. डिझेल इंजिनाच्या ऑइललाही हाच नियम, बिलावर एमबी २२९.५२ दिसले पाहिजे.

उतरताना ब्रेक. स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकडी झाली आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपरने मोजून ताडा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आपल्याकडच्या पावसात हा नियम टाळू नका.

परत आल्यावर लिफ्टवर चढवा. लांब व्हीलबेसमुळे पोट रस्त्यावरच्या उंचवट्याला टेकते, आणि गावागावांतले गतिरोधक काही मापाने बांधलेले नसतात. खालचे प्लॅस्टिकचे पत्रे फाटलेले किंवा तारेने बांधलेले असतील तर वरचे पाइपही बघा. कारण पत्रा गेला की उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला चिखल सरळ इंजिनखाली जातो. टायरची आतली कड हाताने चाचपा. ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंटच्या मागे वाकलेला आर्म असू शकतो.

पडदे, मोटारी, पाणी

हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धा तास द्याच. मागच्या सीटवर बसून एकेक बटण दाबा: सीट मागे झुकणे, पुढची डावी सीट मागून सरकवणे, काचांवरचे उन्हाचे पडदे, सनरूफ. मालक बहुतेक मागेच बसलेला असतो, त्यामुळे झीजही मागेच होते. ड्रायव्हरची सीट नवी आणि मागची चुरगळलेली दिसली तर दचकू नका. गाडी शोफरने चालवलेली आहे एवढाच त्याचा अर्थ.

गाडीच्या सॉकेटला लावून बिघाड वाचणाऱ्या स्वस्त ओबीडी प्लगवर विसंबू नका. तो इंजिनच्या बिघाडाचे काही कोड दाखवतो, बाकी युनिट्सपर्यंत पोचत नाही. झेंट्रीवर, म्हणजे मर्सिडीझच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेवर, पूर्ण स्कॅन करून छापील कागद घ्या. डिझेल असेल तर त्यात डीपीएफमधली काजळी आणि राख दोन्ही वाचून घ्या. काजळी जळते, राख जळत नाही, आणि राख भरली की जाळीच काढावी लागते. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर शंभर किलोमीटर चालवून स्कॅन पुन्हा करा.

बॅटरी एजीएम प्रकारचीच हवी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती बदलायला आली. साधी बॅटरी बसवली की सिग्नलला इंजिन बंद-चालू होणारी सोय बंद पडते आणि भलत्याच चुका पडद्यावर उमटू लागतात.

खानापूर आणि चोर्ला घाटाकडे फिरलेल्या गाडीत पाण्याचा माग काढा. वायपरखालच्या खोबणीत पाने साचली की पाणी बाहेर जाण्याची भोके बुजतात आणि ते आत उतरते. पुढच्या दोन्ही पायांखालची मॅट उचलून कार्पेटच्या खालचा फोम दाबा. वरून कोरडे आणि खाली ओले असेल तर व्यवहार तिथेच सोडा, कारण वायरिंगच्या जोडणीला धरलेला गंज वर्षभराने बोलतो.

पासिंग आणि कागद

या भागात कोल्हापूरच्या एमएच ०९ पासिंगची गाडी स्वस्त म्हणून लगेच पुढे येते. ती निपाणी किंवा बेळगावात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकात वीस लाखांवरच्या नव्या कारला आजीवन कर १८ टक्के आणि त्यावर सेस आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी लागतो, तरीही रक्कम लाखांत जाते. बेळगावला राहत असाल तर केए २२ च्या आणि चिक्कोडीकडे असाल तर केए २३ च्या आरटीओत गाडीच्या बिलाची प्रत दाखवून आकडा आधी काढून घ्या. तो गाडीच्या किमतीत मिळवा आणि मगच स्थानिक पासिंगच्या गाडीशी तुलना करा.

कागदांत फॉर्म २८ म्हणजे एनओसी, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथे कर भरल्याची पावती लागते, म्हणून मूळ मालकाच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घेऊन ठेवा.

विसरले जाणारे एक काम राहिले. 'मर्सिडीझ मी' या कंपनीच्या अ‍ॅपवरच्या खात्यातून जुन्या मालकाने गाडी स्वतः काढून टाकायला हवी. नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याच्या फोनवर दिसत राहते आणि तुमचे खाते जोडता येत नाही. ते तुमच्यासमोर करून घ्या, एमबीयूएक्स फॅक्टरी रीसेट करा, दोन्ही किल्ल्यांनी दार उघडून इंजिन सुरू करून बघा, आणि उरलेली रक्कम त्यानंतर द्या.