सायटिका म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

सायटिका, म्हणजे कमरेत नस दाबली जाऊन पायात उतरणारी कळ, म्हणून ऑपरेशन सुचवलंय? डॉक्टरांकडे जाताना फाइल, चष्मा, गोळ्यांची पाकिटं कुणी विसरत नाही. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही घ्या. शुगर असेल तर तिचे आकडे न्या. शुगरनेही पायांना मुंग्या येतात, आग होते.

आता कागद. कोऱ्या कागदावर माणूस काढा, पुढून एक, मागून एक. वेडावाकडा चालेल. ज्याचं दुखतंय त्याच्याच हातात पेन द्या आणि कळ कुठून निघते, कुठे थांबते तेवढं रंगवायला सांगा. बाबांच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. "पाय दुखतो?" "हो." झालं. रिपोर्टात मणक्यांमधली गादी सरकलेली होतीच. कमरेचं ऑपरेशन झालं, आणि दीड महिन्यानेही बाबा मोजे घालताना तसेच कळवळायचे. दुखत होतं जांघेत, झिजला होता खुबा. पेन दिलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा जांघेतच टेकवलं असतं.

म्हणून कागद! गादीने नस दाबली तर कळ बहुधा गुडघ्याखाली उतरते: एल-5ची (कमरेच्या शेवटच्या मणक्याजवळची) नस असेल तर नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे, एस-1ची (तिच्या लगेच खालची) असेल तर पोटरीतून टाचेकडे, करंगळीकडे. जांघेत दुखतंय, मांडी घालता येत नाही, नखं कापता येत नाहीत? मग खुबा फिरवून बघा म्हणावं, भीड कसली. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि नुसतं उभं राहिलं की थांबतात, तर रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. कागदावर डावा की उजवा तेही लिहा, आणि फिल्ममधली गादी त्याच बाजूला आलीये का ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या सुमारे 60 टक्के लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. नुसत्या 'बल्ज'वर तारीख घेऊ नका.

दुखणं कधी सुरू झालं ती तारीख लिहा. बऱ्याच जणांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं तर कागदबिगद ठेवा बाजूला आणि तडक हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पहिले काय म्हणाले ते आधीच सांगून टाकू नका. ऑपरेशनचं डिपॉझिट नंतर. फिजिओथेरपी करायची का, ते डॉक्टरच सांगतील. आणि त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागद पहिल्याच ओपीडीच्या फाइलीत अडकतो.