मॉसचा चंद्र आणि त्याखाली ससा: घरच्या घरी कोकेदामा कसा करायचा

कोकेदामा म्हणजे कुंडीच नसलेलं झाड, मुळांभोवती मातीचा गोळा आणि त्यावर मॉस, म्हणजे मऊ शेवाळ, गुंडाळलेलं. शब्द जपानी आहे, कोके म्हणजे शेवाळ आणि दामा म्हणजे गोळा. पाण्यात बुडवून ठेवायचा तो हिरवा गोळा, मारिमो, वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका. आणि शेजारी शोभेला ठेवायची मूर्ती मात्र मी चिनी लोककथेतली घेते, कारण गोळा पाहिला की मला चंद्रच दिसतो आणि चंद्रावर ससा आपल्याकडेही आहे की, उगाच का शशांक म्हणतात!

आधी झाड. पहिल्यांदा करताय तर सिंगोनियम, मनी प्लांट किंवा स्पायडर प्लांट घ्या, हडपसर-सोलापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतं, छोट्या पिशवीतलं घ्या. जेड किंवा कॅक्टस नको, सतत ओल राहते, सडतं. लकी बांबू चिनी वाटतो म्हणून घ्यायला जाल, पण तो बांबूही नाही आणि चीनचाही नाही, आफ्रिकेतलं ड्रासिना आहे.

आता माती, आणि सगळी गंमत इथेच आहे. जपानमध्ये केतोत्सुची नावाची चिकट माती वापरतात, आपल्याकडे ते काम काळी माती करते. 2 वाट्या भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), 1 वाटी काळी माती, अर्धी वाटी गांडूळखत, थोडं थोडं पाणी घालत मळा आणि मग बेसनाचा लाडू वळतो तसा एक वळून बघा. भगरा झाला तर माती वाढवा, हाताला चिकटून लगदा झाला तर कोकोपीट. लाडू वळून हातभर उंचीवरून टाकला आणि फुटला नाही की समजायचं जमलं.

झाड पिशवीतून काढून जुनी माती हलक्या हाताने झाडा, मुळं तोडू नका. 20 मिनिटं भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं, वाळवून विकतात ते मॉस) मुळांभोवती पातळ गुंडाळा, मग मातीचे दोन अर्धे गोळे करून दोन्ही बाजूंनी दाबून मोसंबीएवढा एकच गोळा करा. त्यावर मॉसचा बाहेरचा थर द्या आणि दोऱ्याने आडवं-उभं-तिरकं गुंडाळत जा, लोकरीचा गुंडा करतो तसं. दोरा नायलॉनचा घ्या, साधा सुती दोरा ओलीत काही महिन्यांत कुजतो. एक खरं सांगते, दुकानातलं वाळकं मॉस मेलेलं असतं, ते हिरवं होणार नाही, आणि जिवंत मॉस लावलंत तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये ते तपकिरी पडतंच. मला तर वरून नारळाचा काथ्या गुंडाळलेला जास्त आवडतो. आणि प्लीज, पावसाळ्यात सिंहगडावरून मॉस खरवडून आणू नका.

आता मूर्ती. चिनी कथेत चंद्रावरचा ससा खल-बत्त्यात अमृतासारखं औषध कुटत बसलेला असतो, चांगअ नावाची चंद्रदेवीही तिथेच असते आणि काही कथांमध्ये तिचाच बेडूक होतो. त्यांचा चंद्रोत्सव आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीच्या आसपासच, बहुतेकदा महिनाभर आधी. म्हणून गोळा दोरीने टांगायचा आणि खाली मातीच्या थाळीत ससा ठेवायचा, इतकंच. तीन पायांचा नाणं तोंडात धरलेला बेडूक बाजारात सगळीकडे असतो, तो ल्यू हाय नावाच्या चिनी सिद्धपुरुषाच्या गोष्टीतला. तोही मॉसवर छान शोभतो, त्याचं तोंड घराच्या आत हवं असं मानतात, माझ्याकडे तो खिडकीकडे बघतो. लाफिंग बुद्धा नको असं माझं मत, तो बुदाई नावाचा भिक्षू होता आणि झाडाशी त्याचं काही नातं दिसत नाही. कोई मासा घेतलात तर खाली पाण्याची वाटी हवीच, कारण पिवळ्या नदीवरच्या ड्रॅगन गेटवरून उडी मारली की मासा ड्रॅगन होतो अशी ती कथा आहे.

मूर्ती घेताना वजन बघा, पीओपीची नको. माझा पहिला ससा पीओपीचा होता, आठ दिवसांत त्याचे कान ओलीने ठिसूळ झाले आणि रंग थाळीत उतरला. चिनीमाती किंवा रेझिन घ्या, थाळी कुंभारवाड्यातून घेतली तरी चालेल, फक्त तिच्या खाली काहीतरी ठेवा नाहीतर लाकडावर डाग पडतो.

पाणी वरून घालायचं नाही. गोळा बादलीत 10 मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की काढून हलकेच दाबून निथळू द्या. कधी द्यायचं ते हाताने उचलून कळतं, हलका लागला की तहानला. उन्हाळ्यात दर एक-दोन दिवसांनी लागतं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदाही पुरतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मॉसवर पांढरे डाग येतात, मी पावसाचं साठवते. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही, आणि फॅनच्या थेट खाली टांगू नका, एका दुपारीत वाळतो.