ट्रायपॉड नसताना ६१ मेगापिक्सेल: नवीन लोकांनी आधी शटर स्पीड बघा

४५ नाहीतर ६१ मेगापिक्सेलची कॅमेरा बॉडी घेतली, मंडईत जाऊन शूट केलं, घरी शंभर टक्के झूम केलं आणि सगळंच मऊ दिसतंय? लेन्स लगेच विकायला काढू नका. बहुतेक वेळा शटर स्पीडच कमी पडलेला असतो.

कॅमेरा हातात धरून शटर स्पीड निदान "एक भागिले फोकल लेंथ", म्हणजे ५० एमएमच्या लेन्सला १/५० सेकंद, हे वर्कशॉपवाले अजून घोकून घेतात. मलाही तेच शिकवलेलं आणि मी उगाच लेन्सला शिव्या घालत बसले. अहो, तो हिशोब फिल्मच्या काळातला, प्रिंट हातात धरून बघायचा! फुल फ्रेमवर २४ मेगापिक्सेलला एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, ६१ ला ३.८ च्या आसपास, म्हणजे हात तेवढाच हलला तरी तो ब्लर दीडपटीहून जास्त पिक्सेलवर पसरतो, आणि आपण पुन्हा डोळे फाडून शंभर टक्क्यालाच बघणार. म्हणून निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट धरा: ५० ला १/१०० ते १/१५०. ऑटो आयएसओमध्ये (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ती कॅमेरा स्वतः ठरवतो) मिनिमम शटर स्पीड टाकून ठेवा आणि विसरून जा.

आता लोक म्हणतील, बॉडीत आठ स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी सावरणारी सोय, आहे की! आहे ना, पण ते तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचा नाही. पाताळेश्वर लेण्यातले खांब १/१० ला पण कडक येतील. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या मावशींचा हात मात्र नाही येणार, तिथे १/२५० तरी पाहिजेच, आणि ढोलावर पडणारं टिपरू थांबवायचं तर १/१००० च्या खाली जाऊच नका.

फोटो बिघडला कशामुळे ते फोटोतच दिसतं. लांबच्या दिव्यांच्या सगळ्या ठिपक्यांच्या एकाच दिशेला रेघा झाल्यात, तर तुमचा हात हलला. तराजू शार्प आणि मावशींची बोटं पुसलेली, तर त्या हलल्या. मावशी मऊ पण मागची पाटी खणखणीत, तर फोकस चुकला, मग शटर कितीही वाढवा, काही होणार नाही.

आयएसओ ३२०० ला घाबरू नका. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी जातो, छोट्या साइजला तर दिसतही नाही, पण हललेला फोटो हललेलाच राहतो. आणि उजेड वाढवायला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ वरून मोठं करून एफ ८ वर या, एवढ्या बारीक पिक्सेलवर एफ १६ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरतो त्यामुळे) तसंही सगळं मऊ पडतं.

कोपर अंगाला टेकवा, बटण हळू दाबा, तीन-चार फोटोंचा बर्स्ट मारा, म्हणजे लागोपाठ काढा, मधला बहुतेक बरा निघतो. "श्वास रोखून धरा"वाले गुरू मला तरी पटत नाहीत, जास्त वेळ रोखला की उलट हात जास्त थरथरतो. अर्धा सोडा आणि क्लिक करा.

तुळशीबागेत दुकानातल्या लाइटखाली सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर नको, फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर ठेवा, शटर स्पीड १/१०० वर.